डाग पडलेली काडतुसं आणि गल्ल्यावरचा भाऊ

प्रश्न : ह्यूस्टनच्या बाहेर आमचा पेट्रोल पंप आणि त्याला लागून छोटं दुकान आहे. मी ग्रीन कार्डावर आहे. दुकानात दोनदा चोरी झाली तेव्हा नाइन एमएमचं पिस्तूल घेतलं. आता ‘फॅक्टरी सेकंड’, म्हणजे कारखान्याने दुय्यम दर्जाची ठरवलेली, काडतुसं बरीच स्वस्त मिळाली आहेत. पितळी कवचावर डाग आहेत, बाकी माल चोख आहे असं विक्रेता सांगतो. पावतीवर मात्र ‘आहे तसा माल, परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. सोबत फोटो पाठवतोय. स्वसंरक्षणासाठी ही वापरली तर उद्या कोर्टात अडचण येईल का? रात्री मी नसलो की धाकटा भाऊ गल्ल्यावर बसतो. तो एच-वन-बीवर आहे. पिस्तूल तिथेच ड्रॉवरमध्ये असतं.

उत्तर : काडतुसांचं आधी सांगते, पण भावाबद्दलची ती शेवटची वाक्यं वाचून मला जास्त काळजी वाटली. त्यामुळे उत्तर पूर्ण वाचा.

सेकंडचा माल घेणं हा टेक्सासमध्ये गुन्हा नाही. जिवावर बेतल्यावर गोळी झाडली, तर तिथल्या पीनल कोडच्या, म्हणजे दंडसंहितेच्या, कलम 9.32 खाली कोर्ट मुख्यतः हे बघतं की त्या क्षणी तसं करणं तातडीने गरजेचं आहे असं तुम्हाला वाटलं का आणि ते वाटणं वाजवी होतं का. काडतूस किती डॉलरचं होतं याला तिथे महत्त्व नाही. पण त्याच दंडसंहितेत कलम 9.05ही आहे. तुमचा बचाव रास्त असला, तरी बेपर्वाईने एखाद्या तिऱ्हाइताला इजा झाली, तर त्या इजेच्या खटल्यात स्वसंरक्षणाची ढाल मिळत नाही. बेपर्वाई म्हणजे धोका दिसत असूनही पुढे जाणं.

म्हणून तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. बहुतेक काडतुसांवर तपकिरी डाग आहेत, चिंच न लावलेल्या पितळी तांब्यासारखे. त्यांचं मला काही वाटत नाही. पण तिसऱ्या ओळीतल्या एका काडतुसाची गोळी शेजारच्यांपेक्षा आत बुडालेली दिसते. सगळी सपाट टेबलावर ओळीने उभी करून बघा. गोळी आत सरकली की दारूला जागा कमी पडते आणि आतला दाब वाढतो. नाइन एमएमसाठी शस्त्रं-काडतुसं बनवणाऱ्यांच्या अमेरिकी उद्योगसंस्थेने, म्हणजे सामीने, दाबाची कमाल मर्यादा 35,000 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) ठरवली आहे; बुडालेल्या गोळीचं काडतूस ती ओलांडू शकतं. हा दोष नुसता दिसण्यातला नाही. आणि आता तो तुमच्याच फोटोत आहे, म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय राहिली नाही. ते काडतूस आजच बाजूला काढा आणि झाडू नका.

‘आहे तसा माल’ एवढ्या एका ओळीने विक्रेता किंवा कंपनी पूर्ण सुटत नाही. डाग तुम्ही बघून घेतलेत, त्याबद्दल तक्रार चालणार नाही. पण आत दारूच कमी भरलेली निघाली, गोळी नळीत अडकली आणि पुढच्या गोळीने पिस्तूल फुटून हात गेला, तर गोष्ट वेगळी. घरगुती वापराच्या मालातून झालेल्या शारीरिक इजेची भरपाई करारानेच नाकारणं कायदा सकृतदर्शनी अन्याय्य मानतो. शस्त्र उद्योगाला संरक्षण देणाऱ्या 2005च्या केंद्रीय कायद्यातही सदोष उत्पादनाच्या दाव्याला वाट ठेवलेली आहे. त्यासाठी लॉट नंबर असलेली मूळ खोकी आणि पावती जपून ठेवा. सुट्या पिशवीतून दिलेली असतील तर सरळ परत न्या, घेत नसेल तर पैसे गेले असं समजा.

माझं मत विचाराल तर डागाळलेली चांगली काडतुसं नेमबाजीच्या रेंजवर सरावाला वापरा. पिस्तुलात मात्र पहिल्या दर्जाची भरा. मॅगझिनमध्ये पंधरा-सतरा मावतात, तेवढ्यासाठी वाचणारे पैसे अगदीच किरकोळ आहेत. पिस्तुलात भराल त्याच खोक्यातली दहाएक न वापरता ठेवा. उद्या तपास झालाच, तर गोळी किती अंतरावरून सुटली हे ठरवताना प्रयोगशाळेला तुलनेसाठी तीच काडतुसं लागतात.

आता भाऊ. केंद्रीय कायद्याच्या कलम 922(जी)(5) प्रमाणे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने पिस्तूलच काय, एक काडतूसही बाळगायचं नाही. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. ड्रॉवर त्याच्या हाताशी आहे आणि आत काय आहे ते त्याला ठाऊक आहे. ‘ताबा’ सिद्ध करायला सरकारला एवढं पुरू शकतं. त्याचा व्हिसा माहीत असताना पिस्तूल त्याच्या हाती देणाराही, म्हणजे तुम्ही, कलम 922(डी)खाली तितकाच अडकतो. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तुमचं ग्रीन कार्डही तुम्हाला हद्दपारीपासून वाचवणार नाही. शिकारीचा परवाना असलेल्यांना सूट आहे हे खरं, आणि मित्रमंडळी ‘तसा परवाना काढून घे’ असं सुचवतीलही. पण इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका. एच-वन-बीवर दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसणं हाच मुळात व्हिसाला धोका आहे, पगार देत नसलात तरी. तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

तोवर आज रात्री दुकान सोडताना पिस्तूल आणि काडतुसं दोन्ही सोबत घरी न्या आणि तिजोरीत ठेवा. भाऊ घरातच राहत असेल तर तिजोरीचा आकडा फक्त तुम्हालाच माहीत असू द्या.