आठ दिवसांत लडाखचे पक्षी पाहायचे असतील तर बेत कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून चौघे जण जूनमध्ये आठ दिवसांसाठी निघताय, आतापर्यंतचं पक्षी पाहणं भिगवण, ताम्हिणी आणि सासवडकडच्या माळांवर झालंय, बरोबर त्रेसष्ट वर्षांचे वडील आहेत, आणि यादीत नुब्रा, पँगाँग, हानले, त्सो मोरिरी, त्सो कर असं सगळंच आहे. सगळ्यात आधी ती यादी कापा. नुब्रा आणि पँगाँग यावेळी सोडून द्या. ही यादी पूर्ण करायची म्हटलं तर आठातले सहा दिवस गाडीत जातील, आणि पक्षी काचेआडून दिसतील तेवढेच.

लडाखचा बेत मी दोन गोष्टींवर बांधतो: रात्री किती उंचीवर झोपणार, आणि दिवसा कुठल्या पाण्याजवळ बसणार. हिमालयाच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश. लेहला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या घाटमाथ्यावर आषाढात एका दिवसात पडतो तितका. त्यामुळे मैलोन्मैल उघडा डोंगर आणि मग अचानक नदीकाठचा हिरवा पट्टा किंवा एखादी पाणथळ. पक्ष्यांची गर्दी तिथेच. अशा दोन-तीन जागा निवडून तिथे तासन्‌तास थांबलात तर लडाख भरभरून देतं.

आधी उंचीचं. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि विमानाने तुम्ही तिथे दिल्लीहून दीड तासात पोचता. शरीराला तयारी करायला वेळच मिळत नाही. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच राहायचं, जिने चढायची घाई करायची नाही, पाणी पीत राहायचं, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळायच्या. त्यापुढे झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथवर विश्रांतीने भागतं, पण तोवर आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरायचं. उंचीचा त्रास टाळायला देतात ती डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. मनालीहून रस्त्याने गेलं की आपोआप सवय होते असं बरेच जण सांगतात, ते मला पटत नाही. त्या रस्त्यावर बहुतेकांचा मुक्काम सरचूला पडतो आणि ते लेहपेक्षाही बरंच उंच आहे. रस्त्यानेच जायचं असेल तर श्रीनगर-कारगिलचा मार्ग शरीराला सोसवतो.

ते दोन दिवस वाया जात नाहीत, काळजी करू नका. चांगस्पासारख्या झाडीच्या भागात घरगुती गेस्ट हाउस घ्या. अंगणात खुर्ची टाकून बसलं तरी मॅगपाय, कावळ्याच्या कुळातले लाल चोचीचे चफ, हिल पिजन या डोंगरी पारव्यांचे थवे दिसतात, नशीब असेल तर फायर-फ्रंटेड सेरिन हा चिमुकला पक्षीही.

तिसरा दिवस शे आणि ठिकसेच्या मधल्या सिंधूकाठाला द्या, पूर्ण दिवस. लेहपासून हे अंतर पंधरा-वीस किलोमीटर. एका बाजूला पॉप्लर आणि विलोची झाडं, मध्ये दलदल, सी-बकथॉर्नची काटेरी झुडपं आणि नदीतली खडीची बेटं. आपल्याकडे हिवाळ्यात पाणथळीच्या गवतात लपतछपत पळणारा शंकर, म्हणजे ब्लूथ्रोट, इथे झुडपाच्या शेंड्यावर बसून गळा फुगवून गातो. तो निळा-तांबडा गळा भर उन्हात पाहिला की भिगवणला आपण याला अर्धामुर्धाच पाहत होतो हे कळतं. पिवळ्या डोक्याचा धोबीही इथे ऐन विणीच्या रंगात असतो.

आणि आयबिसबिल. यासाठी तरी सकाळी लवकर जा. राखाडी पाठ, पांढरं पोट, छातीवर काळा पट्टा, आणि लांब, खाली वाकलेली लाल चोच. वाचून वाटतं की असा पक्षी लपणार कसा. पण तो गोट्यांमध्ये बसला की गोटाच होतो. दुर्बिणीने बेट डावीकडून उजवीकडे सावकाश पाहायचं, मग परत उलट. कुठला तरी ‘दगड’ दोन पावलं चालतो आणि चोच गोट्याखाली तिरकी घालून किडे शोधायला लागतो. जून सरत आला की वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं आणि ही बेटं बुडायला लागतात, म्हणून शक्य असेल तर तारखा जूनच्या पहिल्या पंधरवड्यातल्या घ्या.

चौथ्या दिवशी उपशीमार्गे सिंधूच्या कडेकडेने चुमाथांगला. उंची साधारण ४,००० मीटर, गरम पाण्याचे झरे आहेत, राहायची साधी सोय होते. बरेच जण लेहहून थेट वर जातात. तुम्ही ही रात्र चुकवू नका, कारण पुढची उडी मोठी आहे. वाटेत नदीकाठच्या वाड्यांपाशी थांबत गेलात तर चुकार तितर, ब्राऊन डिपर आणि आपल्याकडे हिवाळ्यात येणारा कृष्ण थिरथिरा दिसतील.

पाचवा आणि सहावा मुक्काम त्सो करला. चुमाथांगहून माहे, पुगा, मग पोलोकोंगका खिंड ओलांडून तुम्ही सुमारे ४,५३० मीटरवर येता. त्सो कर हे खाऱ्या पाण्याचं तळं, काठावर मिठाचा पांढरा थर. त्याच्या शेजारी स्टार्टसापुक त्सो हे गोड्या पाण्याचं. दोन्ही मिळून २०२० साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. पक्ष्यांसाठी गोडं तळं आणि दोन्हींमधली दलदल महत्त्वाची, तेव्हा फोटोत खारं तळं कितीही सुंदर दिसलं तरी वेळ इकडे द्या. उजनीच्या पाण्यावर जे चक्रवाक आणि पट्टकादंब (बार-हेडेड गूज) तुम्ही हिवाळ्यात पाहता, त्या जातींचा हा विणीचा मुलूख. पट्टकादंबाची पिल्लं आईवडिलांच्या मध्ये रांगेने पोहताना पाहणं हा भिगवणच्या माणसासाठी वेगळाच आनंद आहे. शेंडीवाल्या पाणडुब्यांच्या (ग्रेट क्रेस्टेड ग्रीब) जोड्या पाण्यावर, काठाच्या खडीत सँड प्लोव्हर हे चिखले, मोकळ्या माळावर हॉर्न्ड लार्क हा चंडोल आणि स्नोफिंच. तिबेटी सँडग्राउज, आपल्या पखुर्डीचा थोराड भाऊबंद, आसपासच्या रेताड उतारांवर शोधावा लागतो. जमिनीच्या रंगात तो इतका मिसळतो की आधी आवाज आणि मग पक्षी.

काळ्या मानेचा क्रौंच इथला खरा मानकरी. स्थानिक लोक त्याला ठुंग-ठुंग म्हणतात, चौकशी करताना हेच नाव घ्या. वसंतात तो येतो, दलदलीतल्या उंचवट्यावर घरटं करतो, सहसा दोन अंडी घालतो आणि नर-मादी आळीपाळीने उबवतात. भारतात तो विणीसाठी मुख्यतः लडाखच्या या उंच पट्ट्यात येतो, आणि जोड्या मोजक्याच आहेत. भटकी कुत्री अंडी-पिल्लं खातात, ही इथली मोठी अडचण. आपण जवळ गेलो आणि उबवणारा पक्षी उठला, तर कुत्र्याला किंवा कावळ्याला घरटं दाखवल्यासारखंच आहे. म्हणून हात जोडून सांगतो, रस्ता सोडून गाडी दलदलीत घालू देऊ नका. गाडीवाला उत्साहाने ‘साहेब, अजून जवळ नेतो’ म्हणेल, त्याला आदल्या दिवशीच लेहमध्ये स्पष्ट सांगून ठेवा. त्या गवतात एकदा उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही, आणि सँड प्लोव्हर, चंडोल यांची घरटी उघड्या जमिनीवरच असतात. रस्त्यावरून टेलिस्कोप लावून क्रौंचाची जोडी तास-दीड तास पाहा. एक बसलेला असतो, दुसरा चरत चरत लांब जातो, मग परत येतो आणि दोघं जागा बदलतात. जवळून काढलेल्या दहा फोटोंत हे मिळणार नाही.

यावरून सामानाचं: मोठी लेन्स भाड्याने घेण्यापेक्षा चौघांत मिळून एक चांगला टेलिस्कोप न्या. साडेनऊ-दहानंतर जमीन तापते, हवा थरथरते आणि लांबचे फोटो तसेही धूसर येतात. दुपारी वारा सुटतो. पहाटे ते साडेनऊ आणि मग संध्याकाळ, एवढंच कामाचं. जूनमध्येही त्सो करची रात्र गोठणबिंदूच्या आसपास जाते, तेव्हा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या पांघरुणात घेऊन झोपा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड हवं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या त्या त्या ठिकाणच्या जूनच्या याद्या आणि नकाशे घरूनच उतरवून घ्या. सीमेलगतच्या भागासाठीची नोंदणी आणि शुल्काची पावती लेहमध्ये विश्रांतीच्या दिवसांत करून टाका, ओळखपत्राच्या छायाप्रती जवळ ठेवा.

सातव्या दिवशी तागलांग खिंडीवरून रुमत्सेमार्गे लेहला परत, आठव्या दिवशी सकाळचं विमान. हवा बिघडली तर लेहची उड्डाणं रद्द होतात, म्हणून दिल्लीहून पुण्याचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. हानले यात बसत नाही हे मला माहीत आहे. गरुड घुबड, छोटं घुबड, दलदलीतले क्रौंच, वर ताऱ्यांनी भरलेलं आकाश, सगळं तिथे आहे. दोन दिवस वाढवता आले तर चुमाथांगनंतर दोन रात्री हानलेला राहा आणि मग त्सो करला या. वाढवता येत नसतील तर मी त्सो करच निवडेन, कारण तिथे एका जागी बसून इतकं काही घडताना दिसतं.

वडिलांबद्दल. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून हृदय आणि रक्तदाब तपासून घ्या आणि ४,५०० मीटरवर दोन रात्री झोपायचं आहे हे आकड्यासकट सांगा, नुसतं ‘लेहला चाललोय’ म्हणू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं तरी निर्णय चुमाथांगच्या सकाळी घ्यायचा. रात्री झोप लागली, भूक आहे, डोकं दुखत नाही, तर वर न्या. नाहीतर तुमच्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर लेहला परतायचं. हे कोण करणार ते पुण्यातच ठरवा, आणि त्यासाठी दुसऱ्या गाडीचा नंबर आधीच घेऊन ठेवा. लेहला परतलेल्यांना शे-ठिकसेचा काठ दोन दिवस पुरून उरेल.