चित्रफायलींची लायब्ररी सांभाळताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टिफ (चित्रांचा एक फाइल-प्रकार) फायली वाचणारी सी भाषेतली एक मुक्तस्रोत लायब्ररी मी सांभाळतो. एकाने जेमतेम दोनशे बाइटांची फाइल पाठवून 'हीप बफर ओव्हरफ्लो' (मागितलेल्या मेमरीच्या पलीकडे लिहिणं) असं कळवलंय. माझ्या मशीनवर काहीच होत नाही. तक्रार बंद करू का?

अजिबात नको. बफरच्या पलीकडे चार बाइट लिहिले तरी प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळेलच असं नाही. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) आणि डीबग माहिती चालू करून लायब्ररी नव्याने कंपाइल करा आणि तीच फाइल तिला द्या. अहवालात दोन कॉल-स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याच्या याद्या) दिसतील : कुठे लिहिलं गेलं आणि ती मेमरी कुठे मागितली होती. आधी दुसरा वाचा. चूक बहुतेक वेळा मागणीतच असते.

मग फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात, उघडा. टिफचं हेडर आठ बाइटांचं : बाइटक्रम, ४२ हा आकडा आणि पहिल्या डिरेक्टरीचा पत्ता. डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद बारा बाइटांची. समजा रुंदीची नोंद अशी आहे (लहान बाइट आधी) :

०० ०१ / ०४ ०० / ०१ ०० ०० ०० / ०१ ०० ०१ ००

म्हणजे टॅग २५६ (रुंदी), प्रकार ४ (बत्तीस बिटी आकडा), संख्या १, किंमत ६५,५३७. उंची ६५,५३६ असेल आणि पिक्सेलमागे एक बाइट, तर गुणाकार येतो ४,२९,५०,३२,८३२. बत्तीस बिटांत तो मावत नाही, उरतात फक्त ६५,५३६. लायब्ररी ६४ किलोबाइट मागते आणि डीकोडर चार गिगाबाइट लिहायला निघतो. सीमध्ये अनसाइन्ड (ऋण नसणारा) आकडा असा गुंडाळला जाणं नियमाला धरून आहे. त्यामुळे अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझरही (भाषेच्या नियमांबाहेरचं वागणं पकडणारी सोय) याबद्दल आपणहून बोलत नाही. क्लँग कंपायलरमध्ये त्यासाठी वेगळी तपासणी मुद्दाम चालू करावी लागते.

दुरुस्ती गुणाकाराच्या आधी करा. उंची शून्य नसेल आणि रुंदी ही (कमाल किंमत ÷ उंची) यापेक्षा मोठी असेल, तर तिथेच चूक परत करा. नुसता चौसष्ट बिटांचा प्रकार वापरून भागत नाही : पिक्सेलमागचे नमुने आणि त्यांची बिटं अजून गुणायची असतात, आणि बत्तीस बिटी यंत्रावर मेमरी मागताना आकडा पुन्हा कापला जातो. ही तपासणी एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि फाइलमधून आलेला प्रत्येक गुणाकार तिच्यातूनच जाऊ द्या. एका जागी भोक बुजवलंत तर पुढच्या महिन्यात शेजारच्या डीकोडरमध्ये तेच निघेल.

ती फाइल चाचण्यांच्या फोल्डरमध्ये आणि फझरच्या (मोडक्यातोडक्या फायली आपोआप देऊन पाहणाऱ्या साधनाच्या) बियाण्यात, म्हणजे सुरुवातीच्या नमुन्यांत, कायमची टाका. चाचणी सॅनिटायझरसकटच चालवा, नाहीतर ती नेहमी 'पास'च दाखवेल. पॅच आणि रिलीज एकाच दिवशी काढा. दुरुस्ती उघड झाली आणि रिलीज आठवडाभर रेंगाळलं, तर मधल्या काळात वापरणारे उघड्यावर पडतात.

प्रश्न : गुणाकार तपासतो, तरी एका छोट्या पीएनजीने सर्व्हरची मेमरी संपवली. ही लायब्ररीची चूक म्हणायची का?

चूक नाही, पण जबाबदारी आहे. ३०,००० × ३०,००० पिक्सेलचं एकरंगी चित्र उलगडल्यावर तीन चॅनलांचे २७० कोटी बाइट होतात. पीएनजीतली डिफ्लेट ही दाबण्याची पद्धत जास्तीत जास्त साधारण १,०३२ पट दाबते, म्हणजे फाइल २६-२७ लाख बाइटांत बसू शकते. पीएनजी वाचणाऱ्या लिबपीएनजी लायब्ररीची मूळ मर्यादा प्रत्येक बाजूला दहा लाख पिक्सेल, तिच्यातून हे चित्र सहज जातं. पायथनची पिलो ही चित्रलायब्ररी ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या पुढे इशारा देतं आणि दुपटीच्या पुढे थेट नकार. हे धोरण आम्हाला पटतं. मर्यादा वापरणाऱ्याला बदलता यावी, पण मुळात ती असावी. शिवाय ओळीओळीने वाचण्याची सोय द्या, म्हणजे लघुचित्र करणाऱ्याला अख्खं चित्र मेमरीत धरावं लागणार नाही.

प्रश्न : माझ्या लायब्ररीच्या १.३.३ आवृत्तीत सार्वजनिक स्ट्रक्चरच्या (फील्डांच्या गटाच्या) मधोमध एक फील्ड वाढवलं. आता जुने प्रोग्राम रुंदीच्या जागी भलताच आकडा वाचतात. पुन्हा कंपाइल केलं की ठीक चालतात.

लायब्ररीच्या जुन्या हेडर फाइलवर (सी भाषेतल्या घोषणांच्या फाइलवर) कंपाइल झालेल्या प्रोग्राममध्ये 'रुंदी अमुक बाइटांवर' हे कोरलेलं असतं. तुम्ही ती जागा सरकवलीत. आजच १.३.४ काढा, जुनी मांडणी जशीच्या तशी परत आणा आणि नवं फील्ड आतल्या स्ट्रक्चरमध्ये नेऊन त्याला वाचण्या-लिहिण्याची फंक्शन्स द्या. फील्ड शेवटी टाकणंही सुरक्षित नाही : ते स्ट्रक्चर प्रोग्राम स्वतः घडवत असेल, तर त्याने राखलेली जागा लहान पडते.

लिबपीएनजीने हाच धडा घेऊन १.५ मध्ये आपली स्ट्रक्चर्स झाकली. थेट फील्डला हात लावणाऱ्या प्रोग्रामांना तेव्हा बदलावं लागलं, पण त्यानंतर आतली मांडणी मोकळी झाली. मोडतोड टळतच नसेल, तर सामायिक लायब्ररीच्या नावातला आकडा वाढवा. टिफ वाचणाऱ्या लिबटिफ लायब्ररीने २०२२ मध्ये ४.५.० ला तो ५ वरून ६ केला. प्रत्येक रिलीजआधी एबीआयडिफ या साधनाने जुनी आणि नवी बायनरी ताडून पाहा.

प्रश्न : जेपेगच्या चाचण्या एका मशीनवर पास, दुसऱ्यावर नापास. का?

तुम्ही चेकसम (सगळ्या बाइटांवरून काढलेला एक आकडा) ताडत असाल. वेगवेगळे डीकोडर आणि त्यांच्या झटपट पद्धती पूर्णांकन वेगळं करतात, एखाददुसऱ्या पातळीचा फरक चालतो. पिक्सेलनिहाय कमाल फरकाला मर्यादा घाला. पीएनजीसाठी मात्र तंतोतंत जुळणीच हवी.

प्रश्न : एकाने नव्या साधनाचा चार हजार ओळींचा पॅच पाठवलाय. घेऊ का?

त्याच्या तक्रारी कोण सोडवणार, हे आधी विचारा. लिबटिफने २०२३ मध्ये ४.६.० मधून बरीचशी कमांडलाइन साधनं काढली होती. पुढच्या वर्षी ४.७.० मध्ये ती परत आली. एकदा दिलेली वस्तू काढणं इतकं अवघड जातं. पाठवणारा देखभालीला तयार असेल, तर आधी फझरचं प्रवेशफंक्शन (ज्यातून फझर त्या साधनाला फायली देतो) आणि चाचणीच्या फायली मागा, त्याही मोकळ्या परवान्याच्या किंवा स्क्रिप्टने बनवलेल्या. पॅच पाच-सहा तुकड्यांत मागवा आणि पहिला तुकडा फक्त हेडर वाचणारा असू द्या.