3-मिथाइलब्यूटेन-2-ऑल या अल्कोहोलवर एचबीआरची (हायड्रोजन ब्रोमाइडची) क्रिया केली की ब्रोमीन शेजारच्या कार्बनवर का बसतो? कार्बोकॅटायनच्या, म्हणजे धन प्रभार असलेल्या कार्बनच्या, स्थिरतेचा क्रम लक्षात ठेवायची काही ट्रिक आहे का?

ट्रिक नाही. कुणी देत असेल तर घेऊ नका.

सेकंड पीयूला (कर्नाटकातली बारावी) अल्कोहोलच्या धड्यामागे हाच प्रश्न असतो. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात सायन्सला एकदम सगळं इंग्रजीतून. आमच्या लेक्चररनी टर्शरी, सेकंडरी, प्रायमरी (प्रभाराच्या कार्बनला तीन, दोन, एक कार्बन जोडलेले) असा क्रम फळ्यावर लिहिला आणि पुढे निघाले. मी उठून विचारलं, "सर, ओएच दोन नंबरवर होता, मग ब्रोमीन तीनवर कसा?" तर म्हणाले, "मराठी मीडियमवाल्यांनी पाठच करावं. समजून घ्यायला तुमचं इंग्लिश कुठं पुरतंय?" सगळ्या वर्गासमोर. तो राग अजून गेलेला नाही.

घरी येऊन एकेक हायड्रोजन मांडत बसले. ओएचला प्रोटॉन लागतो, पाणी निघून जातं, दोन नंबरच्या कार्बनवर धन प्रभार येतो. त्याची एक पी-कक्षा रिकामी. शेजारच्या कार्बनवरच्या सी-एच बंधातले इलेक्ट्रॉन तिच्याकडे झुकतात आणि प्रभार थोडा पसरतो. असे हायड्रोजन इथे चारच. आता तीन नंबरवरचा हायड्रोजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन दोनवर सरकला, की प्रभार तीनवर येतो आणि असे हायड्रोजन होतात आठ, म्हणजे प्रभार जास्त पसरतो आणि कॅटायन जास्त स्थिर होतो. ब्रोमाइड तिथेच जोडला जातो, 2-ब्रोमो-2-मिथाइलब्यूटेन मिळतं. ह्यात इंग्रजी कुठं लागलं?

माझा चुलतभाऊ टिळकवाडीत शिकवण्या घेतो. "अक्का, सीईटीला टाइम कुठं असतोय, पाठ करून घेतो की," म्हणतो. पाठ केलेल्या क्रमात मेथॉक्सीमिथाइल कॅटायन प्रायमरी म्हणून तळाला जाईल. प्रत्यक्षात ऑक्सिजन आपली जोडी देतो, कार्बनचं अष्टक (बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन) भरतं आणि तो साध्या टर्शरीपेक्षाही स्थिर ठरतो. बेंझिल, अलिलचंही तसंच, रेझोनन्स, म्हणजे शेजारच्या इलेक्ट्रॉनांमुळे प्रभार अनेक अणूंवर वाटला जाणं, आला की नुसता क्रम कोलमडतो.

हायड्रोजन मोजणं फक्त साध्या अल्किल कॅटायनपुरतं, हे मात्र ध्यानात ठेवा. आणि कॅटायन तयारच होत नसेल, म्हणजे एसएन2 (जुना गट निघतानाच नवा जोडला जातो) किंवा हायड्रोबोरेशन (दुहेरी बंधावर बोरॉन आणि हायड्रोजन एकदम जोडले जातात) असेल, तर सरकासरकीचा प्रश्नच नाही. निओपेंटिल अल्कोहोलमध्ये शेजारी हायड्रोजनच नसतो, तिथे अख्खा मिथाइल सरकतो, तोही पाणी निघता निघताच, कारण मोकळा प्रायमरी कॅटायन टिकत नाही. हे उदाहरण भावाने त्याच्या पोरांना घालावं आणि पाठ केलेल्या क्रमावरून कितीजणांना सुटतं ते मला कळवावं.