मापात पाप कुणाचं? : घरबसल्या कपडे विकणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांना प्रश्न पाठवा म्हटलं होतं. वाटलं होतं फोटो कसे काढायचे, रील कसं करायचं असलं काहीतरी येईल, पण पत्रं बघितली तर बहुतेक सगळी साइजवरून झालेल्या भांडणांचीच. नावं छापत नाही, गिऱ्हाईकंही हेच मासिक वाचतात.

प्रश्न (सांगली): ताई, मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुर्त्या विकते, माल सुरतेहून येतो. एकीनं एल मागितला, मी एलच पाठवला, टॅगवरही एलच आहे. आता म्हणते छातीत बसत नाही, सगळे पैसे परत करा. मागितलं तेच दिलं ना मी? तरी ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलली मला.

उत्तर: तुम्ही दोघी त्या एका अक्षरावर भांडताय आणि त्या अक्षरात काही दम नाही. कुर्तीच्या बाजारात साधारण एम म्हणजे 38, एल म्हणजे 40, एक्सएल म्हणजे 42 असं धरतात, पण 40 म्हणजे कशाचे 40? एखाद्या कारखान्याचं 40 म्हणजे कुर्तीचाच घेर 40, ती 38 छातीच्या बाईला बसते. दुसऱ्याचं 40 म्हणजे 40 छातीच्या बाईला बसेल अशी, म्हणजे कुर्ती स्वतः 42. दोघांच्या टॅगवर एलच. आपल्या देशाचा एकच सर्वमान्य साइज चार्ट असावा म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं इंडियासाइज नावाचा सर्व्हे हाती घेतला, मुंबईसकट सहा शहरांत 25 हजार लोकांची मापं स्कॅनरनं घ्यायची अशी ती योजना, पण तो चार्ट सुरतेच्या कटिंग टेबलापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल, तोवर तुमची इंची टेप हाच तुमचा चार्ट.

म्हणून माल आला की आधी मोजा. कुर्ती टेबलावर सपाट पसरा, सुरकुत्या काढा पण ओढू नका, मुंढ्याच्या (बाही जोडतात ती काखेजवळची गोल शिवण) एक इंच खाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत माप घ्या आणि दुप्पट करा, ती छाती. मग कंबर, मग जिथे बाजूचा कट सुरू होतो तिथला घेर (सरळ कुर्ती अडकते ती इथेच, आणि हे माप कुणीच देत नाही), दंडाचा घेर, गळ्याजवळच्या खांद्यापासून खालपर्यंत उंची. टेपचे आकडे दिसतील असा एक फोटो काढून पोस्टमध्येच टाकायचा. एका लॉटची मापं दुसऱ्या लॉटला लावू नका, आणि एकाच लॉटमध्येही दोन-तीन पीस उचलून बघा, कारण कटिंगला कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात आणि वरच्या थरात आणि तळच्या थरात थोडा फरक पडतोच. अर्धा इंच इकडेतिकडे होईल असं आधीच लिहून टाकायचं. आपल्याकडे सगळे इंचात बोलतात, पण सोबत सेंटिमीटरही द्या, तयार कपड्यांच्या लेबलच्या नियमातही एस-एम-एलच्या जोडीला सेंटिमीटरमधलं माप मागितलेलं आहे.

गिऱ्हाइकाला 'साइज काय?' असं विचारायचं बंद करा. 'घरात तुम्हाला छान बसणारी एखादी कुर्ती आहे ना, ती पलंगावर पसरून काखेतून काखेत मोजा आणि आकडा पाठवा' असं सांगा. अंगाचं माप विचारलंत की कुणी टेप गच्च आवळून मोजतं, कुणी स्वेटरवरून मोजतं, आणि आपल्यात म्हणून सांगते, निम्म्या बायका लग्नाच्या वेळचा आकडा सांगतात. अंगाचंच माप आलं तर न ताणणाऱ्या सुती कापडाला त्यात दोन इंच मोकळीक धरा.

अजून एक, कुर्ती धुतली का ते आधी विचारा. न धुतलेलं कॉटन आणि रेयॉन पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के सहज आटतं, म्हणजे 44 इंची कुर्ती दोनेक इंच वर जाते आणि घेरही कमी होतो. पोस्टमध्ये 'कापड आटणारं आहे, एक साइज मोठी घ्या' एवढी ओळ लिहिली असती तर तुमचे कितीतरी व्हॉइस मेसेज वाचले असते.

आता तुमच्या भांडणाचं. पोस्टमध्ये तुम्ही नुसतं 'एल' लिहिलं असेल तर एक्सएल बदलून द्या, कुरिअर अर्धं-अर्धं करा, एक्सएल नसेल तर मी तरी पैसे परत देईन. पण 'छाती 40' लिहिलंत आणि पीस मोजला तर 38 भरला, तर मग वाद संपला, पैसे परत आणि जाण्यायेण्याचं दोन्ही कुरिअर तुमचं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये विक्रेत्यानं जे सांगितलं त्यात कमी पडणं हाही दोषच धरलाय, आणि दोष असलेली वस्तू परत घेऊन पैसे देणं नाकारलं तर ती अनुचित व्यापारी प्रथा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरतात. 'मी घरून विकते, मला कसला कायदा' असं म्हणू नका, कपाटातली एखादी साडी एकदा विकणं वेगळं, रोजचा धंदा वेगळा.

आणि ग्रुपवर उलट बोलू नका हो. 'तुमच्याशी पर्सनलवर बोलते, सोडवते' एवढं एकदा सगळ्यांसमोर लिहा आणि खरंच सोडवा. बाकीच्या शंभर जणी गप्प बसून तुम्ही काय करता तेच बघत असतात.

प्रश्न (डोंबिवली): मी पैठणीवरचे ब्लाऊज आणि शिवलेल्या नऊवारी मापाप्रमाणे शिवून कुरिअरनं पाठवते. एकीनं स्वतः मापं लिहून दिली, तशीच शिवली, आता म्हणते मुंढ्यात काचतं आणि पुढून वर चढतं, पैसे परत हवेत. तिच्या मापाचा ब्लाऊज मी दुसऱ्या कुणाला विकू?

उत्तर: नाहीच विकला जाणार, म्हणून या कामाचे नियम वेगळे ठेवावे लागतात, आणि ते कापडाला कात्री लावायच्या आधी सांगावे लागतात, नंतर सांगितलेला नियम हा नियम वाटत नाही, बहाणा वाटतो.

लिहून आलेल्या मापावर ब्लाऊज शिवायचाच नाही हे माझं स्पष्ट मत. छाती-कंबर बाई सांगेल, पण मुंढा, पुढची उंची, टक्सचा (छातीला आकार देणाऱ्या चुणीचा) पॉइंट, मागच्या गळ्याची खोली हे तिला घरी मोजता येत नाही, आणि ब्लाऊज बिघडतो तो नेमका तिथेच. तिच्याकडून नीट बसणारा एक ब्लाऊज कुरिअरनं मागवा, त्याचं भाडं तुमच्या शिलाईतच धरा, काम झालं की नव्यासोबत परत पाठवा. अगदीच शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर तिच्या घरातल्या कुणाला तरी टेप धरायला लावा आणि तुम्ही सांगाल तिथे मोजून घ्या. आलेली मापं एका मेसेजमध्ये परत लिहून पाठवा आणि 'बरोबर आहे' असं तिचं उत्तर येईपर्यंत शिवायला बसू नका.

दोन्ही बाजूंच्या शिवणीत आणि बाहीत भरपूर माया (आत दुमडलेलं जादा कापड) ठेवा, एकेक इंच तरी. ते काही उपकार नाहीत, बाई ब्लाऊज दहा वर्षं वापरणार, तिचं अंग बदलणारच. माया असेल तर काचणारा ब्लाऊज तिच्या गल्लीतला टेलरही उसवून देतो, तुम्ही त्याचे पैसे पाठवले की झालं, ब्लाऊज डोंबिवलीला परत यायची गरजच नाही.

या केसमध्ये असं करा, तिला ब्लाऊज सपाट ठेवून टेपसह फोटो पाठवायला सांगा. आकडे तिने दिलेल्या मापाशी जुळले तर तुमची चूक नाही, पण 'मापाचं शिवलंय, परत नाही' म्हणून फोन ठेवूही नका, दुरुस्तीचा खर्च द्या. पुढून वर चढतोय म्हणजे बहुतेक पुढची उंची कमी पडलीये. तुम्ही शिवणारी आहात, 36 छातीला आलेली पुढची उंची कमी वाटतेय हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं, तेव्हाच विचारायचं. आणि आकडे जुळलेच नाहीत तर शिलाई परत, आणि कापड तिचं असेल तर कापडाचंही बोलावं लागेल. पैठणीसोबतचा ब्लाऊजपीस बाजारात दुसरा मिळत नाही, त्याचं भांडण शिलाईपेक्षा मोठं होतं.

प्रश्न (नागपूर): एका मुलीनं अनारकली नेला, चार दिवसांनी 'साइज लूज आहे' म्हणून परत. उघडून बघते तर काखेत डिओचा वास आणि ओढणीला हळद. लग्न उरकून परत पाठवलाय सरळसरळ. आता?

उत्तर: कळतं हो, रागच येतो. पण तुम्ही पाठवताना तो कोरा होता हे दाखवायला काय आहे तुमच्याकडे? असेल काही, तर 'वापरलेला कपडा परत घेत नाही' म्हणून फोटोसकट नम्रपणे कळवा, आणि कपडा तिच्या खर्चानं तिला परत पाठवा, नसेल तर यावेळी वाद वाढवून फायदा नाही.

पुढच्या वेळेपासून मोठा टॅग छातीवर किंवा समोर कळीला दिसेल असा लावा, मागे मानेत लपेल असा नको. हा टॅग निघाला की परत नाही, असं त्याच टॅगवर मराठीत छापा. टॅग लावून घरात घालून बघता येतं, मांडवात मिरवता येत नाही. पॅक करताना कपडा, टॅग आणि पाकिटावरचा पत्ता एका सलग व्हिडिओत घ्या, परत आलेलं पार्सल उघडतानाही तसंच, न थांबता, आधी लेबल दाखवून. मोठ्या साइटवरून विकत असाल तर असा व्हिडिओ नसला की नुकसानभरपाईचा क्लेम सहसा उभाच राहत नाही, आणि क्लेमची मुदत फार छोटी असते, त्यामुळे परत आलेली पार्सलं 'रविवारी बघू' म्हणून कोपऱ्यात रचून ठेवू नका. गिऱ्हाइकाला कपडा परत करायची मुदत तीन दिवसांची ठेवा, सात नको, तीन दिवसांत घालून बघायला कुणालाही वेळ मिळतो. लग्नसराईत तर दोनच.

पण म्हणून येणाऱ्या प्रत्येक पार्सलकडे चोर म्हणून बघू नका. लूज आहे म्हणणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणी खरं बोलत असतात.

प्रश्न (लातूर): कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं दारातूनच परत येतात, कुरिअरचे दोन्ही बाजूंचे पैसे माझ्याच डोक्यावर.

उत्तर: शंभर-दोनशे रुपये आधी यूपीआयनं घ्या, बाकीचे दारात. ज्यांना खरंच घ्यायचंय त्या देतात, ज्या नुसत्या रात्री अकरा वाजता रील बघून बटण दाबतात त्या तिथेच गळतात. पाठवायच्या आधी एक फोन करा, साइज फोनवरच पक्की करा. आणि जुनं, भरवशाचं गिऱ्हाईक 'एल आणि एक्सएल दोन्ही पाठव, एक परत करते' म्हणत असेल तर दोन्हीचे पैसे आधी घेऊन खुशाल पाठवा.

प्रश्न (पुणे): जर्मनीतल्या एका मराठी मुलीनं साइज 40 सांगितली, मी 40 पाठवली, तिला ती झग्यासारखी होतेय. परत मागवू का?

उत्तर: परत मागवू नका, कुर्तीपेक्षा पोस्ट महाग पडेल. जर्मन 40 म्हणजे छाती साधारण 92 सेंटिमीटर, आपल्या हिशेबात 36 इंच. तुम्ही 40 इंची पाठवलीत, झगाच होणार. तिला तिथे फिटिंग करून घ्यायचे थोडे पैसे द्या किंवा पुढच्या ऑर्डरमध्ये सूट द्या. परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून फक्त सेंटिमीटर घ्यायचे, साइज नाही. नियमित तिकडे विकणार असाल तर हेही माहीत असू द्या की युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू ग्राहक 14 दिवसांत कारण न देता परत करू शकतो, त्याच्या मापानं खास शिवलेल्या वस्तूला ते लागू नाही.

प्रश्न (नाशिक): मी विकणारी नाही, घेणारी आहे. फोटोत लायनिंगवाली, 42 छातीची लिहिलेली कुर्ती, आली ती बिनअस्तराची आणि 39 ची. विकणारी म्हणते 'नो रिटर्न नो एक्स्चेंज' आधीच लिहिलं होतं.

उत्तर: लिहिलं होतं ते मन बदललं तर परत नाही या अर्थानं चालेल, सांगितलं एक आणि दिलं भलतंच याला ते पांघरूण होत नाही. पोस्टचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद, टेप लावलेला फोटो एकत्र करून तिला लेखी कळवा, आठ दिवस द्या. नाहीच ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरेचदा तिथूनच प्रकरण मिटतं. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता तिथेच म्हणजे नाशकातच तक्रार दाखल करता येते, विक्रेती कुठलीही असो, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. आठशे रुपयांच्या कुर्तीसाठी तिथवर जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न (कोल्हापूर): 'रिटर्नचे पैसे द्यायचेत ना, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे रिफंड होईल' असं एक गिऱ्हाईक सांगतंय, ऑर्डर नंबर काही सापडत नाही.

उत्तर: ऑर्डरच नाही तर गिऱ्हाईक कसलं. आधी मूळ पेमेंटची नोंद शोधा, ज्या खात्यावरून पैसे आले त्याच खात्यावर परत पाठवायचे, कुणी पाठवलेल्या क्यूआरवर नाही. पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. टाकून बसला असाल तर हे वाचत बसू नका, आत्ता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा.