भूमिका घेण्याआधी एक संप वाच

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मिळालं. युक्रेन, गाझा, चीन-अमेरिकेचं व्यापारयुद्ध, सगळ्यांवर ‘आपली समाजवादी भूमिका काय?’ असं एका दमात विचारलंयस. भूमिका काय, संध्याकाळपर्यंत कुणीही लिहून देईल. आपल्या शिबिरांत त्या तयारच मिळतात. मी म्हणेन, आधी एक संप नीट वाच. मागण्यांच्या यादीसकट, आणि त्या यादीवरून कामगारांत जी भांडणं झाली त्यांच्यासकट.

मुंबईच्या गिरण्यांचा 1928 चा संप घे. एप्रिल ते ऑक्टोबर, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. जपानी मालाशी टक्कर द्यायची म्हणून मालकांनी खर्च कापायला घेतला, आणि नेहमीप्रमाणे सुरुवात मजुरापासून झाली: दोन साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्या विणकराने आता तीन चालवायचे. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली, आणि पुढच्याच मार्चमध्ये डांग्यांसह तिचे पुढारी, ब्रिटिश सरकारने कम्युनिस्टांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले. इथवरची गोष्ट आपल्याकडे सगळेच सांगतात.

आता जरा कपडखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात ये. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी घालायचा आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. तोच धोटा मग दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागायचा. एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगाराला कपडखात्याची दारं बंद होती. पगार तिथे बरा, म्हणून बंदीची झळही मोठी. सवर्ण विणकरांनीच ती सांभाळली होती, आणि संपात खांद्याला खांदा लावून उभे होते तेही तेच. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मागणी यादीत आली, पण कुरकुरत. मालकांनी साळसूदपणे उत्तर दिलं की हा अन्याय असेलच तर तो काही आमचा नाही. त्या उत्तराची मला चीड येते, आणि ते खोटं होतं असंही म्हणता येत नाही.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आमच्या पिढीतल्या कित्येक कॉम्रेडांना त्यातला एकच ऐकू आला. पण त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. विरोध होता मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकाला: त्यात समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधीचा संप बेकायदा ठरत होता. जुनी भांडणं मिटली नव्हती, तरी एका मुद्द्यावर जमलं. विधेयक मंजूर झालंच. 1946 मध्ये त्याच्या जागी मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, त्याने मान्यताप्राप्त युनियनलाच बोलणी करण्याचा हक्क दिला, आणि 1982 च्या गिरणी संपात कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार गेले तेव्हा हा कायदा रद्द करा हीसुद्धा त्यांची एक मागणी होती.

परदेशात बघतानाही हीच नजर ठेव. सप्टेंबर 1931 मध्ये गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेनला गेले. विदेशी कापडावरच्या आपल्या बहिष्काराची झळ ज्यांना लागली होती त्या गिरणी कामगारांनी त्यांचं जोरात स्वागत केलं. गांधीजींभोवती जमलेल्या गिरणीतल्या बायांचा तिथला फोटो सुंदर आहे, पण त्यावरून जगातल्या कामगारांचं हित आपोआप एक असतं असा निष्कर्ष काढू नकोस. त्या बायांची कामं बहिष्काराने खरोखरच अडली होती, आणि बहिष्कार तरीही रास्त होता.

तर युक्रेन. आक्रमण रशियाने केलं, तिथे मी गुळमुळीत बोलणार नाही. नाटोचं राजकारण अभ्यासावं, पण आक्रमणाला पांघरूण म्हणून ते वापरू नये. त्यानंतरचं असं बघ: मार्च 2022 मध्ये युक्रेनने युद्धकाळासाठी कामगार कायदे सैल केले, कामाचे करार स्थगित करण्याची मुभा मालकांना मिळाली. एप्रिलमध्ये मॉस्कोत कुरियर पोचवणाऱ्यांच्या युनियनचा पुढारी अटकेत गेला. कीवमधल्या युनियनवाल्याला आक्रमणाशीही लढायचंय आणि आपल्याच सरकारच्या कायद्याशीही. अशा माणसाला ‘कोणत्या गटाचा?’ म्हणून विचारणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, वेळ जातो.

गाझा आणि चीनबद्दल सवडीने लिहीन. तोवर 1938 च्या त्या विधेयकावरचं बाबासाहेबांचं विधिमंडळातलं भाषण मिळव. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, हा त्यांचा युक्तिवाद तिथे सविस्तर आहे. शेजारी 2020 ची औद्योगिक संबंध संहिता ठेव. संपाआधी 14 दिवसांची नोटीस आणि 51 टक्के कामगार सभासद असलेली युनियन ही दोन कलमं त्यात शोध. मग तुझ्या ऑफिसात रात्रपाळीला येणाऱ्या हाउसकीपिंगच्या बायकांचा पगार कोणत्या कंत्राटदाराच्या नावाने होतो, ते विचारून मला कळव.

तुझा,
काका