जीन्सबरोबर धुतले गेलेले इअरबड: तांदळातून आधी बाहेर काढा

तुमचे वायरलेस इअरबड काल रात्री जीन्सच्या खिशातून डबीसकट वॉशिंग मशीनमध्ये गेले. उजव्याचा आवाज अगदी खोल गेलाय, डावा मुका आहे, डबीचा दिवा लागत नाही. सगळं तांदळात पुरून ठेवलंय आणि विचारताय की चार्जिंगला लावून बघू का. (चार्जिंग केसला मी डबीच म्हणतो, नाहीतर प्रत्येक वाक्यात डोक्यावरचे केस येतात.)

नको. निदान तीन दिवस तरी नको.

नुसत्या पाण्याने सर्किट सहसा लगेच मरत नाही. कारखान्यात तयार झालेले बोर्ड शुद्ध पाण्याने धुतातसुद्धा. घात होतो तो पाणी, त्यातले क्षार आणि वीज असं त्रिकूट जमलं की. शेजारशेजारच्या दोन टोकांमध्ये खारट पाण्याचा थेंब असेल आणि वीज चालू असेल, तर एका टोकाचं तांबं विरघळून दुसऱ्याकडे सरकतं, आणि काही दिवसांनी तिथे हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. तुमच्या पाण्यात तर कपड्यांची पावडर होती, म्हणजे सोडाही आला. इअरबडमधली बॅटरी आपल्याला काढता येत नाही, त्यामुळे थोडी वीज आत आहेच. त्यात चार्जरची भर घालू नका आणि ‘लागतोय का बघू’ म्हणून दर तासाला फोनला जोडूही नका.

आता तांदूळ. आधी बाहेर काढा. उघड्यावर ठेवलेल्या वस्तूपेक्षा तांदळातली वस्तू लवकर वाळत नाही, उलट त्याची पिठूळ धूळ जाळीत आणि चार्जिंगच्या भोकात जाऊन चिकटते. ॲपलनेही आयफोनच्या बाबतीत तांदूळ वापरू नका असं आपल्या मदतपानावर लिहिलंय.

रबरी टोप्या काढा. बाहेरचा साबण किंचित ओल्या फडक्याने पुसा. मग जाळी खाली करून टिश्यू पेपरचं टोक तिला नुसतं टेकवा, दाबू नका. पाणी कागदात ओढलं जातं. उजव्याचा आवाज खोल जाण्याचं कारण बहुधा हेच आहे: बारीक जाळीच्या भोकांत पाण्याचा पडदा धरून राहतो. म्हणजे त्याच्याबद्दल मला आशा आहे. फुंकर मारायची नाही, पाणी आत ढकललं जातं. सुई तर अजिबात नको.

हेअर ड्रायरही नको. हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. मुलाचे इअरबड बादलीत पडले तेव्हा मी शहाणपणाने दहा मिनिटं गरम हवा मारली. वाळले, चालूही झाले, पण तबला लागला की डावीकडे पत्र्यासारखी थरथर. आवाज काढणारा आतला पडदा प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यासारखा असतो, आणि तो बहुतेक उष्णतेनेच सुरकुतला. शिवाय सांध्यांचा गोंद सैल होतो आणि लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही ती नाहीच. कडक उन्हाचंही तेच.

पावसाळ्याच्या दिवसांत मुंबई-कोकणात हवाच ओली असते, तेव्हा खिडकीत ठेवूनही फार काही साधत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्या घाला आणि इअरबड व झाकण उघडलेली डबी त्यात ठेवा. बुटांच्या खोक्यात वर्षभर लोळलेल्या पुड्या आधीच पाणी पिऊन बसलेल्या असतात, त्यांचा उपयोग नाही. निळे खडे मिळाले तर उत्तम, ओल शोषून झाली की ते गुलाबी होतात. डबी आणि इअरबड वेगवेगळे ठेवा, ओले इअरबड डबीत बसवले की चार्जिंग आपोआप सुरू व्हायचा धोका.

तीन दिवसांनी इअरबडच्या आणि डबीतल्या चार्जिंगच्या पिना बघा. काळ्या-हिरव्या झाल्या असतील तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते असतं. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर मागे ठेवतं. मग आधी नुसती डबी साध्या, कमी ताकदीच्या चार्जरला लावा. फरशीवर, गादीवर नाही, आणि समोर बसून राहा. गरम झाली, फुगली किंवा गोडसर उग्र वास आला तर काढा आणि विषय संपला, ती पुन्हा वापरायची नाही. ठीक वाटली तर एकेक इअरबड बसवा. डावा मेलाय असं आत्ताच ठरवू नका. कदाचित त्याच्या पिनेवर साबणाचा थर असेल आणि बॅटरी नुसती उतरली असेल.

दुरुस्ती की नवीन? दीड-दोन हजारांचा जोड असेल तर दुरुस्तीचा विचार सोडा. हे इअरबड गोंदाने बंद केलेले असतात, उघडताना फुटतात, आणि बॅटरी बदलून मिळाली तरी पाणी अडवणारा सांधा गेलाच. महागडा असेल तर कंपनीकडे सुटा इअरबड किंवा नुसती डबी मिळते का ते विचारा, ॲपलसारख्या काही कंपन्या देतात. सगळ्याची बेरीज नव्याच्या निम्म्यापलीकडे गेली तर मी नवीनच घेतो. वॉरंटीवर विसंबू नका, पाण्याने झालेलं नुकसान त्यात बहुधा बसत नाही.

‘पण खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलंय’ हा प्रश्न येणारच. वस्तू किती पाणी सोसते त्याचा हा दर्जा: ४ म्हणजे उडणारे शिंतोडे. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. दोन्ही चाचण्या साध्या पाण्यात होतात. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे जाळीने अडवलं असतं ते पाणी सहज आत शिरतं. आणि तो आकडा बऱ्याचदा फक्त इअरबडचा असतो, डबीचा नाही.

समुद्रात पडले असते तर मात्र मी आधी गोड्या पाण्याने धुवायला सांगितलं असतं, मीठ आत वाळू देण्यापेक्षा ते बरं.

तोपर्यंत कामाच्या कॉलसाठी ३.५ मिमी जॅकचे साधे वायरवाले घ्या. त्यांच्यात बॅटरी नाही, माझे दोनदा धुतले गेलेत आणि अजून वाजतात, फक्त माइकचं बटण गेलंय. तुमच्या फोनला जॅक नसेल तर टाइप-सीवाले घ्यावे लागतील. त्यांच्या तारेत किंवा प्लगमध्येच बहुधा आवाजाची चिप असते, म्हणून ते पाण्यात तितके टिकत नाहीत.

आणि उजवा एकटाच जगला तर फोनच्या सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) चालू करा, नाहीतर गाण्यातली अर्धी वाद्यं गायब होतील. सोमवारी डबीचा दिवा लागला की कळवा. लागला नाही तरी कळवा, मॉडेल सांगा, सुटी डबी मिळते का ते बघू.