केनियातल्या बालगृहात ख्रिस्ती स्वयंसेवक म्हणून सहा महिने राहायचं असेल, तर रोजचं काम नेमकं काय असतं? काय शिकून जावं?

तुम्ही लिहिलंय की मंडळीतर्फे तुम्ही दोघं नवराबायको नाकुरूजवळच्या बालगृहात जाताय, तिथे चोवीस मुलं आहेत, आणि मुलांशी खेळणं, गाणी, शब्बाथशाळा याची तुमची तयारी झाली आहे. ती तयारी उपयोगी पडेलच. मी उरलेल्या बावीस तासांबद्दल लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. त्या मुलांची आई म्हणजे तिथली गृहमाता. मुलं तिला ‘मामा’ म्हणतात, तिथल्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई; तुम्हाला ‘अंकल’ आणि ‘आंटी’ म्हणतील. तुम्ही सहा महिन्यांनी निघणार, ती राहणार. ज्या मुलांना एकदा कोणीतरी सोडून गेलंय, ती पहिल्याच दिवशी तुमच्या गळ्यात पडतील. ते बघून भरून येतं, पण ओळख नसलेल्या माणसाला असं बिलगणं हे बहुतेकदा आधार तुटल्याचं लक्षण असतं. जवळ घ्या, पण रडणं, दुखणं, रात्रीची भीती या वेळी मुलाला गृहमातेकडे घेऊन जा आणि तिच्या शेजारी बसा. तिचे हात मोकळे व्हावेत म्हणून पाणी, धुणं, स्वयंपाक, नोंदी ही कामं तुम्ही अंगावर घ्या.

पाण्यापासून सुरू करते, कारण नाकुरूत गफलत तिथेच होते. नाकुरू ज्या खोऱ्यात आहे त्या रिफ्ट व्हॅलीतल्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग त्याचेच. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत हेच दुखणं आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट वाफ होऊन पाणी आटतं आणि फ्लोराइडचं प्रमाण वाढतं. मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅमची आहे. नाकुरूच्या कॅथलिक धर्मप्रांताने फ्लोराइड शोषून घेणारे हाडांच्या कोळशाचे फिल्टर तयार करून त्या भागात पोचवले. फिल्टर असेल तर कोळसा शेवटचा कधी बदलला ते विचारा. तो निकामी झाला तरी पाणी दिसायला आणि चवीला तसंच राहतं, तपासणीशिवाय कळत नाही. प्यायला आणि स्वयंपाकाला पत्र्यावरचं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं, मात्र पहिल्या सरीचं सोडून द्यायचं आणि पिण्याआधी उकळायचं. मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर, त्याआधी पन्हाळी साफ झाल्या पाहिजेत.

स्वयंपाक रोज तोच असतो. सकाळी उजी, म्हणजे मक्याच्या किंवा नाचणीच्या पिठाची पातळ पेज. दुपारी बहुधा गिथेरी, म्हणजे मका आणि राजम्यासारख्या घेवड्याची उसळ. रात्री उगाली आणि सुकुमा विकी ही पालेभाजी. चोवीस मुलं आणि चार मोठी माणसं धरली तर उगालीला दोन किलोची दोन पाकिटं पीठ आणि साधारण 8 लिटर पाणी लागतं. पाणी खळखळ उकळलं की आधी मूठ-दोन मुठी पीठ घालून पातळ पेज करायची, मग उरलेलं थोडंथोडं घालत म्विको या लाकडी उलथन्याने कडेला दाबत घोटायचं. सगळं पीठ एकदम टाकलं तर आत कोरड्या गुठळ्या राहतात आणि लहानांची पोटं दुखतात. तांदळाच्या उकडीपेक्षा घट्ट गोळा झाला, पातेल्याची कड सुटली आणि भाजल्या मक्याचा वास आला की झालं. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं द्याच. गिथेरीचे दाणे रात्री भिजत घाला, नाहीतर शिजायला तीन तास आणि दुप्पट कोळसा. तिखटाचा हात आखडता ठेवा, त्या मुलांना मिरचीची सवय नसते. घडीच्या पोळीचा मात्र तुम्हाला उपयोग होईल. तिथे चपाती सणाला करतात, मैद्याची आणि तेल लावून पदरांची.

मक्याची पोती घेताना दाणा दाताखाली कडक फुटतो का बघा. ओलसर मक्यावर बुरशी येते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवून जात नाही. 2004 मध्ये पूर्व केनियात अशा मक्याने 125 माणसं दगावली. पोती जमिनीवर नकोत, फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. बुरशी दिसली तर ते पोतं कोंबड्यांनाही घालायचं नाही.

आता घड्याळ. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजता, पण प्रत्यक्षात सात. ‘सा म्बिली’ म्हणजे आठ. औषधाच्या वेळा बोलण्यातून ठरवल्या तर सहा तासांचा घोळ होतो, म्हणून प्रत्येक मुलाच्या वहीत आकड्यात वेळ, औषध, मात्रा आणि देणाऱ्याची सही हवी. एचआयव्हीची गोळी घेणारं मूल असेल तर ती रोज त्याच वेळी, इतरांच्या नजरेआड. कोणाला काय आहे हे तुमच्या मंडळीच्या प्रार्थना-विनंतीतही लिहायचं नाही.

चोवीस मुलांत खरूज शिरली तर एकट्याला मलम लावून काही होत नाही. खाज असो-नसो, सगळ्यांना आणि मोठ्यांनाही एकाच रात्री 5 टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांसकट लावा, 8 ते 14 तासांनी धुवा आणि सात दिवसांनी पुन्हा लावा. अगदी लहानांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. त्याच सकाळी चादरी-कपडे गरम पाण्यात. डोक्यातल्या गजकर्णाला वरून मलम पुरत नाही, डॉक्टरांकडून पोटात घ्यायचं औषध लागतं, आणि केस कापायचं मशीन प्रत्येक डोक्यानंतर निर्जंतुक केलं नाही तर ते पुन्हा पसरतं. तळपायात काळा ठिपका असलेली पांढरी गाठ दिसली तर ती ‘फुंझा’, कातडीत शिरलेली पिसू. सगळ्यांची एकाच सुईने काढू नका, धनुर्वात आणि एचआयव्ही दोन्हीचा धोका आहे. जुलाबात ORS सोबत झिंकही द्यायचं: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडतात, ते चूक. नाकुरू उंचावर असल्याने मलेरिया कमी, पण सुट्टीत व्हिक्टोरिया सरोवराकडे नातेवाइकांकडे जाऊन आलेल्या मुलाला ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा.

उंचीमुळे रात्री थंड असतात आणि अंथरूण ओलं करणारी मुलं बरीच. गादीला रेक्झिनचं कव्हर, रात्री दहाला एकदा उठवणं, आणि सकाळी इतर उठायच्या आत चादर बदलणं. ओली चादर सगळ्यांसमोर वाळत घालायला लावणं ही शिक्षाच आहे. मारण्याचा प्रश्नच नाही, केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेतच शारीरिक शिक्षेला मनाई आहे. आपल्या 1098 सारखा तिथला मुलांचा मदत क्रमांक 116 आहे. तो भिंतीवर मुलांच्या उंचीला लावा.

संध्याकाळची प्रार्थना दहा-पंधरा मिनिटांची पुरे. शाळेतून दमून आलेली, भुकेली मुलं तासभर बसवली तर त्यांना वचन नाही, भूक आठवते. जेवणाआधी छोटी उपकारस्तुती मुलांनाच करू द्या, स्वाहिलीत. आणि ‘अनाथ’ हा शब्द तोंडातून काढूच नका. बऱ्याच मुलांची आई किंवा आजी हयात असते, गरिबीने किंवा आजारपणाने मूल इथे आलेलं असतं. केनिया सरकारचं 2022 ते 2032 चं धोरणही मुलांना कुटुंबात परत नेण्याचंच आहे. आजी भेटायला आली तर तिला चहा, खुर्ची आणि मुलासोबत निवांत वेळ मिळेल एवढं तुम्ही बघा.

कागदपत्रांत, बिनपगारी कामालाही पर्यटकाची परवानगी चालत नाही. संस्थेकडून योग्य पास काढून घ्या, इथून पोलिसांचा चारित्र्य दाखला न्या, पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड परतताना भारतात दाखवावं लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

निघायची तारीख महिनाभर आधी कॅलेंडरवर खूण करून मुलांना सांगा, शेवटच्या आठवड्यात वह्या आणि किल्ल्या मामाकडे मुलांच्या देखत द्या. पुन्हा येण्याचं तिकीट हातात नसेल तर ‘परत येईन’ म्हणू नका. ती मुलं तारीख विचारतात आणि लक्षात ठेवतात.